तिमाही निकालाशेजारी पंचांग ठेवा

दिवाळीच्या आदल्या रविवारी कपड्यांच्या मोठ्या दुकानात शिरलं की ट्रायल रूमपुढची रांग जिन्यापर्यंत आलेली असते. प्रत्येकाच्या हातावर सहा-सात कपडे, आणि बिलाच्या काउंटरवर श्वास घ्यायला उसंत नाही. अशा वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "एवढं चाललंय, तर यांचे शेअर घेऊन ठेवू का?"

गर्दी दिसली म्हणजे शेअर वर जाणार, हा पहिला गैरसमज. दिवाळीत गर्दी होते हे शेअरबाजाराला आधीच माहीत असतं. भावात ते धरलेलंच असतं. झुडिओ आणि वेस्टसाइड चालवणाऱ्या ट्रेंटचंच बघा. सप्टेंबर 2024 मध्ये ही कंपनी निफ्टी 50 मध्ये आली आणि ऑक्टोबरात शेअर 8,000 रुपयांच्या वर गेला. नंतरही दुकानं वाढली, विक्री वाढली. तरी 2025 संपताना भाव जवळपास निम्म्यावर आला होता. वाढ थांबली नव्हती, तिचा वेग कमी झाला होता. आणि आधीचा भाव जुन्या वेगाच्या भरवशावर चढलेला होता.

दुसरा गैरसमज जास्त फसवा आहे. गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा विक्री घटली, म्हणजे धंदा बसला! कंपन्या हिशेब इंग्रजी महिन्यांनी मांडतात, गिऱ्हाईक मात्र तिथीने खरेदी करतं. चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी अलीकडे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. 2022 मध्ये दसरा 5 ऑक्टोबरला होता, म्हणून बंगाल-बिहारकडची दुर्गापूजेची खरेदी बरीचशी सप्टेंबरातच उरकली. 2023 मध्ये श्रावण अधिक आला आणि दसरा 24 ऑक्टोबरवर गेला. खरेदीही ऑक्टोबरात गेली. लोकांनी कपडे घेतलेच. फक्त ती विक्री जुलै-सप्टेंबरच्या रकान्यातून ऑक्टोबर-डिसेंबरच्या रकान्यात गेली. म्हणून या दोन तिमाह्या एकत्र करून बघाव्यात, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

लग्नाच्या कपड्यांचा धंदा तर मुहूर्तांवरच उभा असतो. 2024 मध्ये शुक्राचा अस्त असल्याने एप्रिलअखेरपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत लग्नतिथी जवळजवळ नव्हत्या. मान्यवर हा ब्रँड असलेल्या वेदांत फॅशन्सची एप्रिल-जून तिमाहीतली विक्री आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 23 टक्क्यांनी घटली. ज्याच्या घरी त्या वर्षी लग्न ठरलं होतं, त्याला याचं कारण कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मात्र मुहूर्तांची सबब एका हंगामापुरतीच चालते. पुढच्या वर्षी तिथी भरपूर असूनही जुन्या दुकानांची विक्री वाढली नाही, तर दोष पंचांगाचा नाही.

जुन्या दुकानांची, हे मुद्दाम म्हणतो. नवी पन्नास दुकानं उघडली की एकूण विक्री वाढणारच. दोन वर्षं सुरू असलेल्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं का, ते खरं. तसंच भाड्याचं. 2019 पासूनच्या हिशेबपद्धतीत दीर्घ मुदतीच्या भाड्याचा मोठा भाग घसारा आणि व्याजात जातो, त्यामुळे एबिटाचा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याचा, आकडा गुबगुबीत दिसतो. नजर करोत्तर नफ्यावर असू द्या.

तिसरा गैरसमज 'सेल'चा. 50 टक्के सूट आणि तुडुंब दुकान म्हणजे भरभराट, असं वाटतं. त्या रॅकजवळ जाऊन हँगर सरकवून बघा. मधले साइज गेलेले, टोकाचे लहान आणि टोकाचे मोठे उरलेले. असे साइज तुटले की तो शर्ट पूर्ण किमतीला जाणं कठीण. पडून राहिला तर पुढच्या हंगामात रंगही जुना वाटतो. म्हणून सेलमध्ये विक्री फुगते आणि नफा आटतो.

हा पडून असलेला माल ताळेबंदात 'इन्व्हेंटरी' या ओळीत दिसतो. ताळेबंद सहा महिन्यांनी येतो, मार्च आणि सप्टेंबरअखेरचा. सप्टेंबरचा साठा मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, गोदाम दिवाळीसाठी भरलेलं असतं. मार्चची तुलना मार्चशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी करा. आणि सप्टेंबरच्या वेळी त्या दोन्ही वर्षी दसरा कोणत्या तारखेला होता, तेही बघून घ्या.