एक प्रोसेसर, अनेक सर्व्हर: वाटणी कशी होते?

निकालाच्या दिवशी साईट अडकली की आपण आधी नेटला दोष देतो. पण कधी कधी अडचण पलीकडच्या सर्व्हरवर असते. एका मोठ्या सर्व्हरचे अनेक आभासी भाग केलेले असतात. प्रत्येक भागाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, प्रोसेसर मात्र सगळ्यांत मिळून. मग कोणाला किती मिळणार? आयबीएमच्या पॉवर सर्व्हरचं उदाहरण घेऊन मी हेच सांगणार आहे.

२००४ साली आलेल्या पॉवर५ पासून या सर्व्हरमध्ये एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही एखाद्या भागाला देता येऊ लागला. वाटणी होते ती वेळेची. हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर १० मिलिसेकंदांचा एक फेरा धरतं. ०.५ प्रोसेसर दिला, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ५ मिलिसेकंद तुमचे. हा झाला हक्काचा वाटा.

आता समजा, एखादा भाग रिकामा बसलाय. त्याचा वेळ वाया जात नाही, तो इतरांना वापरता येतो. पण 'कॅप्ड' भागाला हक्काच्या वाट्यापेक्षा जास्त मिळत नाही. 'अनकॅप्ड' भागाला मिळतं, तेही त्याच्या वेटनुसार. हे वेट ० ते २५५ पर्यंत ठेवता येतं.

एक हिशोब करून बघू. एकूण ४ प्रोसेसर आहेत. वेबसाईटला २, डेटाबेसला १ आणि टेस्टिंगला १ दिलाय. रात्री वेबसाईट शांत असते, त्यामुळे तिचे २ मोकळे. डेटाबेसचं वेट १९२, टेस्टिंगचं ६४, म्हणजे प्रमाण ३:१. दोघांनाही भरपूर काम असेल, तर डेटाबेसला १.५ जास्तीचे मिळतात आणि टेस्टिंगला ०.५. डेटाबेस एकूण २.५ प्रोसेसरवर सुसाट पळतो!

खरी गंमत इथेच आहे. रोज २.५ वापरायची सवय लागली, की तेवढे आपलेच आहेत असं वाटायला लागतं. पण निकालाच्या दिवशी वेबसाईटवर गर्दी होते आणि ती आपले २ परत घेते. टेस्टिंगही चालू असेल, तर डेटाबेसच्या हातात उरतो फक्त १. नेमकं सगळ्यात जास्त काम असतं, तेव्हाच तो मंदावतो. बिघाड काहीच नसतो, फक्त उसनं परत गेलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: कॉलेज प्रोजेक्टसाठी किंवा स्वतःच्या ॲपसाठी स्वस्तातला क्लाऊड सर्व्हर घेताना फक्त 'किती कोअर' एवढंच विचारू नका. त्यातला हक्काचा वाटा किती, हेही बघा. गर्दीच्या दिवशी खात्री फक्त तेवढ्याचीच असते.