पावसाची नोंद ठेवायची कोठे?



पुण्याहून पाषाण आणि सूस मागे टाकून पश्चिमेकडे निघालात, की थोड्याच वेळात तुम्ही मुळशी तालुक्यातील लवळे गावी येऊन पोहोचता. येथील टेकड्यांवर आता विद्यापीठांच्या इमारती आणि एक मोठे रुग्णालय उभे आहे. पण ज्या प्रश्नामुळे हा लेख लिहिण्याची वेळ आली, तो यांपैकी कोणी विचारलेला नाही. तो विचारला या परिसरातील एका शाळेच्या विज्ञानशिक्षकांनी.

शाळेला एक लहानसा सर्व्हर घ्यायचा होता. सर्व्हर म्हणजे निराळे काही नव्हे. शाळेतील इतर संगणकांना हवी ती माहिती पुरवणारा, रात्रंदिवस चालू राहणारा संगणक. त्यावर तीन गोष्टी ठेवायच्या होत्या. एक, वर्गात दाखवायचे धडे आणि चित्रफिती. दोन, शाळेच्या आवारातील आठ कॅमेऱ्यांचे चित्रण. आणि तीन, गच्चीवरच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाची नोंद. गुरुजींनी विचारले, "सर, दुकानदार म्हणतो जुन्या हार्ड डिस्कचे दिवस संपले, सगळी एसएसडीच घ्या. घेऊ का?"

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. तुम्हीही देऊ नका. आधी या दोन वस्तूंच्या पोटात काय आहे ते पाहू.

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. या थरातील इवल्या इवल्या भागांना एका दिशेने किंवा तिच्या उलट दिशेने चुंबकत्व दिले, की झाले 0 आणि 1. तबकडी सामान्यतः मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. मोठ्या डिस्कमधील तबकडीचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो. आता परिघाला 120 ने गुणा. कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ 36 मीटर, म्हणजेच ताशी सुमारे 129 किलोमीटर येतो! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एवढ्या वेगाने मोटार हाकली तर दंड भरावा लागेल. आणि या धावत्या पृष्ठभागापासून केवळ काही नॅनोमीटर उंचीवर, वायूच्या उशीवर तरंगत, वाचणारे शीर्ष आपले काम करीत असते. तुमच्या डोक्यावरचा केस या फटीच्या हजारो पट जाड आहे. चालू डिस्कला धक्का लावू नये असे का सांगतात, ते यावरून समजेल.

इतक्या लहान चुंबकाचे क्षीण क्षेत्र ओळखायचे कसे? 1988 साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे एक गोष्ट शोधून काढली. लोह आणि क्रोमियम यांचे अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले, तर चुंबकीय क्षेत्रात त्यांचा विद्युत्‌रोध मोठ्या प्रमाणात बदलतो. या शोधाच्या जोरावर 1997 पासून डिस्कची शीर्षे कमालीची संवेदनशील झाली आणि 2007 साली दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची शीर्षे याच घराण्यातील पुढच्या पिढीची आहेत. भौतिकशास्त्रातील 'निरुपयोगी' संशोधनाविषयी कोणी नाक मुरडले, की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो. असो.

या यंत्राची एक मर्यादा मात्र कोणतेही नोबेल हटवू शकत नाही. हवी असलेली माहिती शीर्षाखाली येईपर्यंत थांबावेच लागते. एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याची, सुमारे 4.2 मिलिसेकंदांची वाट पाहणे आले. शीर्ष योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-एक मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेली माहिती मागितली, तर डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी वेळा उत्तर देऊ शकते. सलग माहिती वाचायची असेल तेव्हा मात्र ती सेकंदाला दोनशे मेगाबाइटांच्या आसपास सहज देते. ओळीने लावलेली पुस्तके झरझर उचलणाऱ्या, पण प्रत्येक पुस्तक निराळ्या कपाटातले मागितले की दमून जाणाऱ्या ग्रंथपालासारखे तिचे आहे.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तेथे सिलिकॉनच्या चकतीवर अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला विद्युत्‌रोधकाचे वेष्टन असते. कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, नसले की दुसरा. पण वेष्टन विद्युत्‌रोधक असेल तर इलेक्ट्रॉन आत जातातच कसे? पुंज यांत्रिकीच्या नियमांनुसार, पुरेसा विद्युत्‌दाब दिला असता, अतिशय पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार जाऊ शकतो. जणू त्याला बोगदा सापडतो. जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात या कल्पनेतून फ्लॅश स्मृती घडवली. तुमच्या मोबाइलमधील छायाचित्रे अशाच कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने साठवलेली आहेत.

येथे शीर्ष सरकत नाही आणि तबकडीची वाट पाहावी लागत नाही. कोठलीही माहिती मागा, ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हजर! म्हणजे हार्ड डिस्कच्या शंभर पट चपळाई. पण बोगद्यातून केलेल्या प्रत्येक ये-जा बरोबर भिंत थोडी झिजते, म्हणून एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते. शिवाय जागा वाचवण्यासाठी आजकाल एकाच कप्प्यात तीन किंवा चार बिट ठेवतात. तीन बिटांसाठी विद्युत्‌भाराच्या 8 पातळ्या ओळखाव्या लागतात, चारसाठी 16. भिंत झिजली, थोडे इलेक्ट्रॉन झिरपले, की पातळ्यांची गल्लत होऊ लागते. उष्णतेने हे झिरपणे वाढते. घरगुती एसएसडीसाठी उद्योगाने ठरवलेले मानक असे आहे, की लिहिण्याची मर्यादा संपेपर्यंत वापरलेल्या एसएसडीने 30 अंश सेल्सिअस तापमानाला, विजेशिवाय, एक वर्ष माहिती धरून ठेवावी. सर्व्हरच्या एसएसडीसाठी हीच अपेक्षा 40 अंशांना केवळ तीन महिन्यांची आहे. नवी असेल तर ती याहून पुष्कळ अधिक टिकते. तरी माहिती भरून कपाटात ठेवून देण्याची ही वस्तू नव्हे, हे ध्यानात ठेवा.

आता गुरुजींच्या सर्व्हरकडे वळू. कागद-पेन्सिल घ्या.

एक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट माहिती पाठवतो असे समजा. आठ कॅमेऱ्यांचे झाले 32 मेगाबिट, म्हणजे 4 मेगाबाइट. दिवसाचे 86,400 सेकंद. गुणाकार करा: रोज सुमारे 346 गिगाबाइट, आणि तीस दिवसांचे 10.4 टेराबाइट. म्हणजे 12 टेराबाइटांची जागा हवी.

एसएसडी यात झिजून जाईल का? पुष्कळ जण तसे सांगतात. हिशेब करून पाहू. वर्षाचे लेखन सुमारे 126 टेराबाइट होते. बाजारातील साधारण एसएसडीवर, प्रत्येक टेराबाइट क्षमतेमागे, सुमारे 600 टेराबाइट लिहिता येतात. मग 12 टेराबाइटांच्या एसएसडीवर 7,200 टेराबाइट लिहिता येतील, आणि त्याला सत्तावन्न वर्षे लागतील! झिजेची भीती येथे खोटी ठरली. कोणी काटकसर म्हणून 250 गिगाबाइटांची एसएसडी बसवून तिच्यावरच पुनःपुन्हा लिहीत राहिला, तर मात्र 150 टेराबाइटांची मर्यादा चौदा महिन्यांत संपेल, आणि तिच्यात एका दिवसाचेही चित्रण मावणार नाही. तेव्हा चित्रणासाठी एसएसडी नको म्हणण्याचे खरे कारण झीज नसून पैसा आहे. तितक्याच जागेला एसएसडी काही पटींनी महाग पडते, आणि कॅमेऱ्याचे चित्रण ओळीने लिहायचे असल्याने तिच्या चपळाईचा काही उपयोग नाही. सेकंदाला 4 मेगाबाइट म्हणजे हार्ड डिस्कच्या दृष्टीने रमतगमत चालणे.

धड्यांचे उलटे आहे. चाळीस मुले एकाच वेळी चाळीस निरनिराळ्या फायली उघडणार. तेथे बिचारा ग्रंथपाल दमणार. म्हणून धडे आणि संगणकाची कार्यप्रणाली एसएसडीवर. एक टेराबाइट पुष्कळ झाली.

राहिली पावसाची नोंद. मिनिटाला एक नोंद, वेळ आणि पाऊस मिळून वीस अक्षरे. दिवसाच्या 1,440 नोंदींचे 28,800 बाइट होतात, आणि वर्षाचे साडेदहा मेगाबाइट. शंभर वर्षांचा पाऊस एका गिगाबाइटच्या आसपास मावतो! कॅमेऱ्यांना एवढी जागा चार-साडेचार मिनिटांना लागते.

हा आकडा ऐकून गुरुजी हसले. "मग तिची काळजीच नको. कोठेही राहील." मला मात्र हसू आले नाही. महिन्यापूर्वीचे कॅमेऱ्याचे चित्रण पुसायचेच असते, आणि धडे पुन्हा मिळवता येतात. गेल्या वर्षी जुलैच्या एका रात्री आपल्या गच्चीवर किती पाऊस पडला, हे मात्र पुन्हा मोजता येत नाही. मी हे अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्या प्रयोगशाळेत आम्ही वैश्विक किरणांची मोजणी करीत होतो. चार वर्षांची मोजणी एकाच डिस्कवर होती आणि नक्कल करायची ती 'पुढच्या सुट्टीत'. एका सकाळी डिस्क टक्‌टक् वाजू लागली आणि दुपारपर्यंत बंद पडली. दोष डिस्कचा नव्हता. ती कधी ना कधी बंद पडणारच होती. दोष माझा होता.

डिस्क किती वेळा बंद पडतात? हजारो डिस्क चालवणाऱ्या मोठ्या केंद्रांचा अनुभव असा, की शंभरातील एक-दोन दरवर्षी जातात. घरी हे प्रमाण अगदी लहान वाटते. पण आता सूसमार्गे परत पाषाणला चला. तेथे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. लवळ्याच्या टेकड्यांवर येणाऱ्या मॉन्सूनचा अभ्यास ज्या संस्थांत होतो, त्यांपैकी ही एक. तेथील 'अर्क' हा महासंगणक 2024 साली राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्या साठवणीची क्षमता 33 पेटाबाइट आहे. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. समजा, 20 टेराबाइटांच्या डिस्कवर एवढे साठवायचे ठरवले, तर निदान 1,650 डिस्क लागतील. शंभरात एक-दोन या हिशेबाने दर महिन्याला एक ते तीन बंद पडणार!

म्हणून अशा ठिकाणी डिस्क समूहाने वापरतात. तीन डिस्कवर 1, 0, 1 असे बिट आहेत. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहा, की चारही मिळून 1 ची संख्या सम व्हावी, येथे 0. आता दुसरी डिस्क गेली. उरले 1, ?, 1 आणि 0. हरवलेला बिट कोणता, ते सहावीतील मुलगाही सांगेल. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 साली अशा निरनिराळ्या रचनांना रेड हे नाव दिले. पण ही युक्ती बंद पडणाऱ्या डिस्कपासून वाचवते, चुकीच्या बटणापासून नव्हे. तुम्ही फाइल पुसली, तर समूहातील सर्व डिस्क ती इमानेइतबारे पुसतात. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या संगणकप्रणालीत चूक होऊन काही ग्राहकांची टपाले नाहीशी झाली. अनेक ठिकाणी ठेवलेल्या प्रतींवरही चुकीचा परिणाम झाला होता. ती परत मिळाली कोठून? चुंबकीय फितींवरून! शोधायला संथ, पण एरवी वीज न खाता फडताळात पडून राहणारी ही फीत आजही बनते. तिच्या एका जातीच्या डबीत 18 टेराबाइट मावतात.

साठवलेल्या माहितीने वाट पाहिली तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. 2010 ते 2012 या काळात तिने 150 मेगाहर्ट्झला सुमारे 90 टक्के आकाश न्याहाळले. ही निरीक्षणे जतन करून सर्वांना खुली ठेवली होती. पुढे इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सारी नव्या पद्धतीने पुन्हा तपासली आणि 2017 साली सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. निरीक्षण करताना ही पद्धत तयार नव्हती. मूळ नोंद मात्र होती.

पावसाच्या नोंदीचे मूल्यही आणखी वीस वर्षांनी कोणाला तरी असेच कळेल. म्हणून आम्ही ठरवले ते असे. धड्यांना एसएसडी. चित्रणाला एकच मोठी हार्ड डिस्क, नक्कल नाही. आणि पावसाच्या त्या चिमुकल्या फाइलीच्या तीन प्रती: एक एसएसडीवर, दुसरी सुट्या हार्ड डिस्कवर, जी महिन्यातून एकदाच जोडायची आणि गुरुजींच्या घरी ठेवायची, तिसरी इंटरनेटवरून दूरच्या गावी. प्रत्येक जूनच्या आरंभी तिन्ही प्रती उघडून जुळतात की नाही ते पाहायचे. न उघडलेली प्रत आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. एवढ्या नोंदीसाठी डिस्क कोणत्या जातीची, याने फारसे बिघडत नाही.

चौथी प्रत गुरुजींनी आपणहून वाढवली. रोज सकाळी साडेआठ वाजता आठवीतील दोन मुली साध्या पर्जन्यमापकातील पाणी मोजतात आणि आकडा शाईने नोंदवहीत लिहितात. यंदाच्या पावसाळ्यात दोन आकडे जुळले नाहीत. स्वयंचलित मापकाच्या नळीत पाने अडकली होती, आणि ते मुलींना आधी कळले.