मंगळवेढ्याचे तीन भक्त

सज्जनांनी हालअपेष्टा सोसाव्यात आणि दुर्जनांच्या वाड्यावर चौघडा झडावा, हे कोडे नवे नव्हे; वनपर्वात राज्य गमावून अरण्यात आलेल्या युधिष्ठिराला द्रौपदी रोखठोक विचारते की, धर्माने वागून आपल्या पदरात काय पडले, आणि फळावर डोळा ठेवून धर्म आचरणारा तो धर्माचा व्यापारी, असे उत्तर तिला मिळते. उत्तर उदात्त खरे, परंतु त्याने द्रौपदीचे समाधान झाले असेल, असे मला कधीच वाटले नाही. महाराष्ट्रापुरता हा वाद पाहायचा, तर पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याला जावे. कारण ज्वारीच्या त्या काळ्या मुलुखाने विठ्ठलावर भार टाकलेल्या तीन जिवांच्या तीन निरनिराळ्या गती पाहिल्या आहेत.

पहिले दामाजीपंत, बहामनी अमलातील तेथील अंमलदार. दुष्काळात रयत अन्नान्न करू लागली तेव्हा हुजूरची परवानगी न घेता त्यांनी सरकारी कोठारे मोकळी केली, बिदरला चहाडी पोचली, पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. आणि ते वाटेत असतानाच विठू नावाचा कोणी महार दरबारात दाखल होऊन, धान्याची सारी रक्कम खजिन्यात भरून, रीतसर पावती घेऊन निघून गेला. ती पावती पुढे पंतांच्या पोथीत निघाली. महिपतींच्या ‘भक्तविजया’त आलेली ही कथा कीर्तनकारांची मोठी लाडकी, मात्र तिच्यात देवानेही दफ्तरी शिरस्ता मोडलेला नाही, बादशहाची एक कवडीही बुडालेली नाही, हे ऐकणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

कान्होपात्रेची कथा त्रोटक आहे. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या या रूपवतीला बिदरचे बोलावणे आले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला. हिची सुटका झाली म्हणावे, तर मरणालाच सुटका म्हणावे लागते.

आणि महार जातीचे संत चोखोबा! १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते ढासळले आणि मजुरांबरोबर तेही त्याखाली गाडले गेले. येथे कोणी विठू धावून आला नाही, कोणाची पावती निघाली नाही. मागाहून नामदेव आले. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून एकेक अस्थी उचलून कानाशी धरावी, जिच्यातून विठ्ठलनाम उमटेल ती चोखोबांची समजून बाजूस ठेवावी, अशा रीतीने त्यांनी त्या गोळा केल्याचे परंपरा सांगते. पुण्यवंताला असे मरण का, या पृच्छेवर पूर्वकर्माचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात. बायबलात राखेत बसलेल्या ईयोबासमोर त्याच्या पापांचा ताळेबंद मांडणाऱ्या मित्रांना खुद्द देवच दोषी ठरवतो. आमच्याकडील हिशेबनिसांची अशी झडती कोणी घेतली नाही. चोखोबांचा पुत्र कर्ममेळा याने मात्र आपल्या अभंगांतून देवालाच जाब विचारला, आणि बापाच्या शरणागतीइतकीच मुलाची ती फिर्यादही मला भक्तीच वाटते, कारण जो ऐकणारच नाही अशी खात्री आहे त्याच्या दारी कोणी फिर्याद नेत नाही.

दुर्जनांचे काय झाले, असे कोणी विचारील. दामाजींच्या कथेत बादशहा वरमतो, एवढेच. कान्होपात्रेला बोलावणाऱ्यावर वीज कोसळली नाही, आणि कुसाच्या कामावर माणसे जुंपणाऱ्यांची तर नावेही उरली नाहीत. म्हणून ईश्वरावरील विश्वासाची परीक्षा पाहायची तर ती दामाजींच्या पावतीवर पाहू नये. वेळेवर पटणाऱ्या हुंडीवर विश्वास ठेवण्यास भक्ती लागत नाही. ती चोखोबांपाशी पाहावी. बिदरच्या दरबारात देव महाराचे रूप घेऊन गेला, ही कथा शतकानुशतके भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजाने खऱ्याखुऱ्या महाराची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेर ठेवली आणि त्याच्या जातभाईंना आत पाऊल टाकू दिले नाही. हा अन्याय देवाच्या माथी मारण्याची सोय आपल्याला नाही. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. चोखोबांना जाऊन तोवर ६०९ वर्षे झाली होती.