दगड झालेला वायू

एक किलो शुद्ध कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुनखडीच्या मुख्य खनिजात, १२० ग्रॅम कार्बन असतो. तो सगळा मिथेनमधून आला असे धरले, तर त्या दगडासाठी १६० ग्रॅम मिथेन खर्ची पडले. शून्य अंश तापमानाला, नेहमीच्या हवेच्या दाबाखाली एवढे मिथेन २२४ लिटर जागा व्यापते. दोनशे लिटरच्या पिंपातही ते मावणार नाही. दगड मात्र तळहातावर मावतो.

मिथेनपासून घडलेले असे दगड बंगालच्या उपसागरात, कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्री भागात सापडले आहेत. मे २००७ मध्ये ‘मारियों द्युफ्रेन’ या फ्रेंच संशोधन जहाजाने तिथे सुमारे एक किलोमीटर खोल पाण्याखालच्या गाळात नळी घुसवून उभा नमुना काढला. तळाखाली १६ ते २० मीटरच्या पट्ट्यात कार्बोनेटचे प्रमाण एकदम वाढून घनफळाच्या १० ते ५५ टक्क्यांवर गेले होते. सोबत कॅलिप्टोजेना या शिंपल्यांचे अवशेष होते. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अनिंदा मजुमदार आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. युरेनियम-थोरियम पद्धतीने दोन नमुन्यांची वये निघाली सुमारे ४६,२०० आणि ५३,००० वर्षे. तेव्हापासून त्यावर १६ मीटर गाळ साचला, म्हणजे वर्षाला साधारण ०.३ मिलिमीटर. त्र्यंबकेश्वर आणि महाबळेश्वरच्या डोंगरांतून निघणाऱ्या नद्यांनी वाहून नेलेली माती त्यात आहे.

हे दगड घडवणारे कारागीर २००० साली ओरेगॉनच्या किनाऱ्यासमोरच्या गाळात प्रत्यक्ष दिसले. मधोमध आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या कुळातल्या साधारण शंभर एकपेशी जीवांचा पुंजका, भोवती साधारण दोनशे जिवाणू, आणि सगळा गोळा मिळून मिलिमीटरच्या काही हजारांश आकाराचा. प्राणवायू नसलेल्या गाळात आर्किया मिथेन फोडतात आणि जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरतात. त्यातून बायकार्बोनेट आणि सल्फाइड तयार होते. बायकार्बोनेटची कॅल्शियमशी गाठ पडली की दगड धरू लागतो. सल्फाइडवर कॅलिप्टोजेनाच्या कल्ल्यांतले जिवाणू जगतात आणि त्यांच्यावर शिंपला. म्हणून हे शिंपले जिथे सापडतात, तिथे कधीकाळी मिथेन तळाच्या अगदी जवळ आले होते, हे कळते.

या कामाची मजुरी फारच तुटपुंजी. सोळा ग्रॅम मिथेन हवेत जाळले तर ८०० किलोज्यूलहून अधिक ऊर्जा मिळते. गाळात तेवढ्याच मिथेनमागे २० ते ४० किलोज्यूल पदरात पडते आणि तीही दोघांत वाटून घ्यायची. त्यामुळे यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक महिने लागतात. प्रयोगशाळेत सात महिन्यांपर्यंतचा काळ मोजला गेला आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. हा फरक सुमारे १५ हजार पटींचा आहे.

कच्च्या मालाचा हिशेबही थक्क करणारा आहे. एक किलो कॅल्साइटसाठी लागणारे सल्फेट मिळवायला सुमारे ३५० लिटर समुद्राचे पाणी लागते. कॅल्शियमसाठी तर जवळजवळ हजार लिटर. हा सारा माल गाळाच्या कणांमधल्या बारीक फटींतून झिरपत यायचा असतो.

दगडातला कार्बन मिथेनचाच, हे कशावरून? सागरी चुनखडीत एक लाख कार्बन अणूंमागे साधारण ११०० अणू जड, म्हणजे कार्बन-१३ असतात. कृष्णा-गोदावरीच्या या दगडांत ते ४५ ते ५७ने कमी भरले. लाखात पन्नासएक अणूंची ही तूट अगदी नेमकी मोजता येते, आणि एवढी मोठी तूट मिथेनच्या कार्बनखेरीज पडत नाही.

वायूचा साठा तिथे आजही आहे. २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत याच खोऱ्यात सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त, म्हणजे बर्फासारख्या घन रूपात पाण्याने मिथेन कोंडून ठेवलेला, थर सापडला. एक घनमीटर हायड्रेट वितळले की सुमारे १६४ घनमीटर वायू मोकळा होतो.

एकदा दगडात बसलेला कार्बन किती टिकतो याचे उत्तर कोलोरॅडोत आहे. तिथले टीपी ब्यूट्स हे मिथेनच्या झऱ्यांवर घडलेले चुनखडीचे उंचवटे सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे, बंगालच्या उपसागरातल्या दगडांहून जवळजवळ दीड हजार पट जुने. समुद्र हटला, त्याचा तळ कोरडी जमीन झाला, तरी तो कार्बन अजून जागचा हललेला नाही.

समुद्राच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी ९० टक्क्यांपर्यंत वायू हे सूक्ष्मजीव गाळातच संपवतात, असा अंदाज आहे. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता अडवते. म्हणून हवामानाचा ताळेबंद मांडताना धुराडी आणि जंगले यांच्याइतक्याच काळजीने गाळातल्या या गोळ्यांचे कामही मोजायला हवे. आपल्या हवेची ही राखण कोट्यवधी वर्षे अखंड चालू आहे.