फोनच्या कॅमेऱ्याला ताप दिसतो का?

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "अरे, कपाळावर मोबाईलचा कॅमेरा धरला की ताप कळतो, असं एक अ‍ॅप आहे म्हणे. छोटीला रात्रीपासून कणकण आहे. टाकू का?" मी म्हटलं, "मावशी, आधी साधा थर्मामीटर लाव." का, ते आज सांगतो.

"इन्फ्रारेड म्हणजे उष्णता" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. गडबड इथेच होते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ०.७ च्या पुढे इन्फ्रारेड सुरू होतो, तो थेट १,००० मायक्रॉनपर्यंत. एवढा मोठा पट्टा, आणि नाव एकच!

फोनचा सेन्सर सिलिकॉनचा. त्याला फार तर १.१ मायक्रॉनपर्यंत दिसतं. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश असतो ०.९४ च्या आसपास. रिमोट फ्रंट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये लुकलुक दिसेल. इन्फ्रारेड फोटोत झाडं बर्फासारखी पांढरी येतात, तीही याच पट्ट्यात. पानं तापलेली नसतात बरं का, ती सूर्याचा हा प्रकाश परतवत असतात.

आता शरीराचं बघू. गणित सोपं आहे: २,८९८ भागिले केल्विनमधलं तापमान. शरीराचं ३१० धरा, उत्तर येतं साधारण ९.३ मायक्रॉन. आपली उष्णता सर्वात जास्त इथे बाहेर पडते. फोनचा कॅमेरा १.१ ला थांबला! शिवाय साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून थर्मल कॅमेऱ्याची लेन्स बहुधा जर्मेनियमची असते. कपाळासमोर धरायच्या तापमापकातही वेगळा सेन्सर असतो. तो हार्डवेअरमध्येच नसेल, तर कुठलंही अ‍ॅप काय करणार?

जेम्स वेब दुर्बिणीलाही हे चुकलं नाही. तिचा निअरकॅम ०.६ ते ५ मायक्रॉन बघतो, आणि ५ ते २८ साठी मिरी हे वेगळं उपकरण आहे. २०२२ मध्ये दोघांनी ईगल नेब्युलातल्या त्याच धुळीच्या खांबांचे फोटो काढले. निअरकॅमच्या फोटोत ताऱ्यांचा सडा पडलाय. मिरीच्या फोटोत बहुतेक तारे गायब, आणि धूळच चमकतेय. जागा तीच, फक्त मायक्रॉन बदलले.

आणि दुर्बीण स्वतःच गरम असेल तर? ३०० केल्विनला ती जवळपास १० मायक्रॉनवर स्वतःच झगमगेल. ट्यूबलाइटखाली काजवा शोधण्यासारखं! म्हणून वेब पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याकडे पाच पदरी छत्री धरून उभी आहे, आणि मिरीला ७ केल्विनच्याही खाली थंड ठेवतात.

तेव्हा कुणी "इन्फ्रारेड" म्हटलं, की एकच विचारा: किती मायक्रॉन?

छोटीला थर्मामीटरवर १०१ ताप निघाला. मावशीने लगेच डॉक्टर गाठले. आता बाईसाहेब घरभर धिंगाणा घालतायत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!