मुठेतला मळ कुणाचा?

पुण्याच्या कसबा पेठेला लागून वाहणाऱ्या मुठेत पावसाळा सोडून जे पाणी दिसते, त्यात नदीपेक्षा शहराचा वाटा मोठा असतो. कारण १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणातले पाणी एरवी कालव्याने शेतीला आणि नळाने घरोघर जाते व पात्रात मुख्यतः नाल्यांचे सांडपाणीच उरते. या पाण्यात मैला, खरकटे, पालापाचोळा, निर्माल्य, शेवाळ असे सजीवांपासून आलेले कार्बनयुक्त, म्हणजेच सेंद्रिय द्रव्य मिसळलेले असते. जिवाणू ते खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून हा खर्च मोजला जातो व त्याला जैविक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी म्हणतात. आंघोळीयोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा दंडक आहे. मात्र मळ किती हे बीओडी सांगते. तो कुणाचा, हे सांगत नाही.

उगमाचा तपास करण्याची एक सोपी रीत प्रकाशाची आहे. नमुन्यावर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण टाकले, की काही सेंद्रिय रेणू ते शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश परत टाकतात, आणि या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. कुजलेल्या पानांतून व मातीतून आलेले ह्यूमस निळसर उजळते, तर ताज्या मैल्यातील प्रथिनांचा घटक असलेले ट्रिप्टोफॅन सुमारे २८० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन ३५० नॅनोमीटरच्या आसपास परत देते. पाण्यात तांबे विरघळलेले असेल तर ह्यूमसची ही चमक मंदावते. तांबट आळी ज्या कसबा पेठेत आहे, तिथल्या अभ्यासकाने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

दुसरी खूण कार्बनच्या वजनदार भावंडाची, म्हणजे कार्बन-१३ या समस्थानिकाची. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांत त्याचे प्रमाण भात, गहू व बहुतेक झाडांपेक्षा थोडे अधिक असते. शेतातून वाहून आलेला पाला ओळखायला ही खूण उपयोगी पडते खरी, पण शहराच्या मैल्यात पोळीबरोबर भाकरी आणि चहातली साखरही उतरलेली असते, त्यामुळे केवळ तिच्या आधारे निकाल देणे धाडसाचे ठरते. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तराचेही तसेच आहे: वाळक्या पानांत ते मोठे असते, पण शेवाळ आणि मैला या दोहोंत लहानच असते.

म्हणून खात्रीचा साक्षीदार लागतो, तो कोप्रोस्टॅनॉल हा. आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून हा मेदासारखा पदार्थ बनवतात, आणि माणसाच्या विष्ठेत तो ठळक असतो. गाईगुरांच्या शेणात मात्र वनस्पतिजन्य मेदापासून झालेले त्याचे भावंड वरचढ ठरते, त्यामुळे गोठा आणि वस्ती यांत फरक करता येतो. हे पदार्थ पाण्यात फारसे विरघळत नाहीत, गाळाला चिकटून राहतात. साहजिकच पाणी पुढे निघून गेले तरी तळचा गाळ साक्ष देतो.

पुलावरून पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ते निर्माल्य, आणि दोषही त्याच्यावरच जातो. ते पाण्यात टाकू नये हे खरेच. परंतु निर्माल्य जाळीने काढता येते, विरघळलेला मैला येत नाही. म्हणून नमुना पुलाखालून एकदाच उचलून भागत नाही. कसबा आणि सोमवार पेठेच्या मधून येणारी नागझरी मुठेला मिळते, त्या मुखाच्या वर, खुद्द नागझरीत आणि मुखाच्या खाली पाणी पूर्ण मिसळल्यावर असे तीन नमुने, गाळासकट, एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा पहिल्या पावसात घ्यावे लागतात.