‘वाढ’ आणि ‘पुरे’

कल्याण-डोंबिवलीहून शीळ रस्त्याने निघालेली गाडी शीळफाट्यावर पनवेलकडे वळते, तळोजा मागे पडते आणि खारघर येते. या वाटेवरच्या काही गाड्यांत आजारी मूल मांडीवर घेतलेले आईवडील असतात. ते निघालेले असतात ‘खारघरच्या टाटा’त, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटर या कर्करोग संस्थेच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये. त्यांतल्या काही मुलांना मेड्युलोब्लास्टोमा असतो; मुलांच्या मेंदूतल्या घातक गाठींमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ हीच. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत ती होते. ‘आमचे काय चुकले?’ हा प्रश्न त्या आईवडिलांना झोपू देत नाही. त्याचे उत्तर मेंदूच्या घडणीत आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असून बहुतेक इवल्या कणपेशी आहेत. त्यांच्या पूर्वजपेशी लहान मेंदूच्या पृष्ठभागावर थर धरून राहतात आणि जन्मानंतरही काही महिने विभागत असतात. त्यांना विभागायला सांगते कोण? १९९९ मध्ये प्रयोगांतून उत्तर मिळाले: थराखालच्या पुरकिंजे पेशी. चेक शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी १८३७ मध्ये वर्णिलेल्या या मोठ्या, फांद्या फुटलेल्या चेतापेशी ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन स्रवतात. ते पोचले की पूर्वजपेशींची संख्या वाढू लागते.

मराठीत ‘वाढणे’ म्हणजे मोठे होणे आणि पान वाढणेही. पंगतीत ‘वाढा’ला जितका मान, तितकाच ‘पुरे’ला. पेशीच्या पृष्ठभागावरचे ‘पॅच्ड’ हे प्रथिन ‘पुरे’चे काम करते. हेजहॉग नसेल तेव्हा ते विभाजनाची वाट बंद ठेवते. पॅच्डचे जनुक बिघडले, तर हेजहॉगचा निरोप न येताही पेशी विभागत राहू शकते. मेड्युलोब्लास्टोमाच्या एका प्रकाराचा उगम इथेच आहे.

विभाजनासारखाच पेशीच्या जगण्याचा हिशेबही शेजारीच ठरवतात. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीत, घरातल्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर प्रयोग केले. चेतापेशींना ज्या अवयवाशी जोडले जायचे, तोच काढला तर त्या मरतात, हे त्यांना दिसले. पुढे त्या पेशींना जगवणारे प्रथिन सापडले आणि १९८६ मध्ये स्टॅनली कोहेन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. मेंदू आधी भरपूर पेशी घडवतो, मग जोडणी जमलेल्या राखतो.

पेशींच्या वाढीचे निरोप कुठे बिघडतात, हे ज्ञान खारघरला उपचाराच्या कामी येते. मेड्युलोब्लास्टोमाचे मुख्य रेणवीय गट चार आहेत आणि त्यांचा उगम व भवितव्य वेगवेगळे आहे. ‘अ‍ॅक्ट्रेक’च्या नीलम शिरसाट आणि सहकाऱ्यांनी १२ प्रथिन-जनुके व ९ सूक्ष्म-आरएनए यांच्या मोजणीवरून गट ओळखणारी चाचणी २०१३ मध्ये मांडली. मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यांवरही ती चालते. गट कळणे मोलाचे, कारण वाढत्या मेंदूला किरणोपचाराची झळ लागते. ज्याचे भवितव्य चांगले, त्या मुलाला गरजेपेक्षा जास्त मारा नको.

म्हणून त्या आईवडिलांना सांगायचे ते एवढेच: तुमचे काही चुकलेले नाही. बहुतेक मुलांत हा आजार वारशाने आलेला नसतो. ज्या वाढीने लेकराचा मेंदू घडला, तीच वाढ कुठेतरी थांबायची राहिली. मात्र मूल रोज सकाळी डोकेदुखीने उठत असेल, उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा.